फिलूरा क्रँडलची साक्ष

माझी बहीण फिलूरा ओहायोतल्या आमच्या गावाबाहेर कधी दोन दिवससुद्धा राहिली नाही, पण तिचा चेहरा मेन राज्यापासून आयोवापर्यंत स्वयंपाकघरांत खिळ्याला लटकत होता. 'जीवनवेल' औषधाचं पंचांग नाताळाच्या सुमारास दुकानात फुकट मिळायचं. त्यात पेरणीचे दिवस, चंद्राच्या कला, कपड्यांवरचे डाग काढायच्या युक्त्या आणि शेवटच्या पानावर फिलूरा. खाली तिचं नाव, गावाचं नाव आणि ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'कोंबडीच्या अंड्याएवढी गाठ विरघळली!' चित्रातल्या बाईला दुहेरी हनुवटी होती आणि गळ्यात लेस होती. फिलूराने जन्मात लेस घातली नाही. तिचा नवरा एसा चित्र पाहून म्हणाला, "ही कोण आहे ते कळलं तर मला सांगा. बरी दिसतेय."

मी हे न रडता सांगते आहे. धीराची आहे म्हणून नव्हे, रडू येत नाही म्हणून. तेव्हाही आलं नाही.

एसा पिंप बनवायचा. फिलूरा घर बघायची, आणि मी, हल्डा, लग्न न झालेली धाकटी बहीण, त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहून गावाचे कपडे शिवायचे. फिलूरा खोटं बोलत नसे. हे मेलेल्या माणसाबद्दल सगळेच म्हणतात, म्हणून एक गोष्ट सांगते. जिल्ह्याच्या प्रदर्शनात तिच्या काकडीच्या लोणच्याला पहिलं बक्षीस मिळालं. निळी फीत लावायला परीक्षक आला, तर ही म्हणाली, "व्हिनेगर शेजारणीचं आहे. चव त्याचीच आहे. फीत तिला द्या." परीक्षक म्हणाला, बाई, असं कोणी विचारत नाही. ही म्हणाली, मी सांगते आहे ना! शेवटी फीत कुणालाच मिळाली नाही आणि शेजारीण दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही. अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. तिने दारूबंदीच्या शपथपत्रावर सही केली त्या दिवशी एसाचं सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पिंप अंगणात ओतलं. पिंप त्यानेच बनवलेलं होतं. तो नुसता बघत उभा राहिला.

अठराशे ऐंशीच्या वसंतात तिला उजव्या स्तनात गाठ लागली. डॉक्टर लूमिसने तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं, "कापावी लागेल. आणि लवकर."

"मिसेस हेझनची कापलीत ना?" फिलूराने विचारलं.

"कापली."

"मग ती कुठे आहे?"

मिसेस हेझन सहाव्या दिवशी तापात गेली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तेव्हा आज कुणी शहाण्याने येऊन, फिलूराने डॉक्टरचं ऐकायला हवं होतं, असं मला शिकवू नये. त्या वर्षी आमच्या गावात सुरीचाही भरवसा नव्हता आणि बाटलीचाही. बुडत्याला काडीचा आधार. एसाने दुकानातून 'जीवनवेल' आणली.

"पी हळद नि हो गोरी," मी म्हणाले.

"तू नको पिऊस," फिलूरा म्हणाली, आणि तिने मोठा चमचा भरून घेतला.

दहा दिवसांत तिचं दुखणं थांबलं. ती झोपू लागली. चेहऱ्यावर रंग आला. जेवणावर वासना नव्हती ती पुन्हा मक्याची भाकरी आणि सफरचंदाचा मुरंबा मागून घेऊ लागली. सहा आठवड्यांनी तिने माझा हात धरून गाठीवर ठेवला. मलाही ती लहान वाटली. खोटं कशाला बोलू? भोवतालची सूज उतरली होती, हे मला नंतर कळलं.

डॉक्टर लूमिस एकदा मुद्दाम आला. त्याने बशीत चमचाभर औषध ओतलं आणि काडी लावली. बशीत निळी ज्योत उभी राहिली.

"बघा. निम्मी दारू आहे ही. उरलेल्यात अफू. म्हणून दुखत नाही तुम्हाला."

"जळणारच," फिलूरा म्हणाली. "आत उष्णता आहे. तीच तर गाठ वितळवते."

डॉक्टर टोपी घालून निघाला. एसा त्याला फाटकापर्यंत सोडायला गेला आणि म्हणाला, "डॉक्टर, मला सायडर बंद आणि हिला तासातासाला ब्रँडी. माझ्यातही कुठे एखादी गाठ सापडते का बघा जरा." डॉक्टर हसला नाही. गरज सरो नि वैद्य मरो, असं म्हणतात. इथे गरज सरलीही नव्हती.

आमच्या चर्चमध्ये बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. ज्याला देवाने काही दिलं असेल, त्याने सर्वांसमोर उभं राहून सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. साक्ष द्यायची सक्ती कुणावर नाही, पण एकदा दिली की ती परत घेता येत नाही. घेणारा देवालाच खोटं पाडतो, असं आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. जूनमधल्या एका बुधवारी फिलूरा उभी राहिली. ती सभेत बोलणारी बाई नव्हती. बाकाची पाठ घट्ट धरून तिने सांगितलं, की मला गाठ होती, मी मरणार होते, देवाने एका औषधाच्या हाताने मला वाचवलं. पाळक ब्रेनर्ड मोठ्याने "आमेन" म्हणाले. मागच्या बाकावरच्या बायका रडल्या. माझी मान अभिमानाने ताठ झाली होती, तेही सांगून टाकते.

घरी आल्यावर तिने कंपनीला पत्र लिहिलं. तिच्या लेखी ती साक्षच होती, फक्त टपालाने दिलेली. कंपनीकडून छापील आभार आले, बारा बाटल्यांची पेटी आली आणि विचारणा आली, की हे पत्र छापलं आणि आजारी भगिनींना तुमचा पत्ता दिला तर चालेल का? फिलूरा म्हणाली, खरं आहे ते लपवायचं कशाला?

पंचांग निघायच्या आधी तिचं पत्र वर्तमानपत्रांतून झळकलं. ऑगस्टमध्ये टपाल सुरू झालं. आधी आठवड्याला तीन पत्रं, मग वीस, मग मोजणं सोडलं. बायका अशा गोष्टी लिहायच्या, ज्या त्यांनी स्वतःच्या नवऱ्यालाही सांगितल्या नसतील. प्रत्येकीचा शेवटचा प्रश्न तोच असे, हे खरं आहे का? सोबत उत्तरासाठी तिकीट. फिलूरा दुपारी भांडी आवरून जेवणाच्या टेबलावर बसायची आणि एकेकीला स्वतःच्या हाताने उत्तर लिहायची. ते बारीक, डावीकडे झुकणारं अक्षर होतं. शाळेत त्याबद्दल छड्या खाल्ल्या तरी ते सरळ झालं नव्हतं. मी पाकिटांवर पत्ते घालायचे. रस्त्यात लोक तिला थांबवून हात हातात घ्यायचे. चर्चच्या जेवणाला तिला पाळकांच्या बायकोशेजारी बसवायला लागले.

नोव्हेंबरमध्ये मी तिला हिवाळी झगा शिवत होते. माप घ्यायला कपडे उतरवले तेव्हा मला ते दिसलं. कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली होती, आणि गाठ आता बगलेपर्यंत पोचली होती. माझ्या हातातली फीत खाली पडली.

"उचल," ती म्हणाली.

"फिलूरा, ही वाढलीय."

"उजव्या बाजूला जरा कापूस भर. सारखं दिसू दे."

"कधीपासून?"

"सप्टेंबर."

"आणि तू त्या बायांना अजून लिहितेस, बरी आहे म्हणून?"

"बरी झाले होते. तू स्वतः हात लावून पाहिलंस." तिचा आवाज चढला नाही. औषधामुळे अलीकडे तो चढतच नसे. "साक्ष दिली ती खरी होती, हल्डा. गाठ परत आली ती माझा विश्वास कमी पडला म्हणून. त्यात औषधाचा काय दोष? आणि देवाचा काय?"

मी कापूस भरला. झगा छान बसला. मी पाकिटांवर पत्ते घालत राहिले. तेव्हा मनात काय चाललं होतं असं कुणी विचारलं, तर सांगण्यासारखं काही नाही. दिवसभर शिवणकाम असायचं.

हिवाळ्यात तिचा उजवा हात सुजला. ती आता दिवसाला एक बाटली संपवायची. लिहायला वेळ लागायचा, दोन ओळींनंतर हात मांडीवर ठेवून ती खिडकीकडे बघत बसायची. तरीही लेखणी मला देत नसे. "पत्र मला आलंय," म्हणायची.

फेब्रुवारीच्या चोवीस तारखेला, गुरुवारी, इंडियानाहून पत्र आलं. एलेन बॉइस नावाची एकोणतीस वर्षांची बाई. तिने शरदातही एकदा लिहिलं होतं आणि फिलूराने तिला उत्तर पाठवलं होतं. हे पत्र मी वाचून दाखवलं.

'माझी गाठ अजून हेझलनटच्या दाण्याएवढीच आहे. डॉक्टर म्हणतो, आत्ता काढली तर मी जगेन. तो दहा मार्चला येणार आहे. मला सुरीची फार भीती वाटते. तुमची गाठ अंड्याएवढी होती आणि विरघळली. तुमचं पत्र मी बायबलमध्ये ठेवलं आहे. तुम्ही एकदा लिहा, की तुम्ही अजून बऱ्या आहात, म्हणजे मी डॉक्टरला येऊ नको म्हणून कळवते. तुम्ही सांगाल तसंच करीन. मला चार मुलं आहेत.'

"पुन्हा वाच," फिलूरा म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. बाटली टेबलावर होती, पण तिने ती घेतली नाही. संध्याकाळपर्यंत घेतली नाही. तिला घाम सुटला, ओठ पांढरे पडले.

"हेझलनटएवढीच आहे," शेवटी ती म्हणाली. "तिला सुरीकडे जायला सांगायला हवं."

एसा चुलीपाशी बसला होता. तो एकदम उठला. "मग लिही की! हल्डा, कागद दे तिला. दोन ओळी लिही. 'डॉक्टरकडे जा.' झालं."

"असं नाही होत, एसा."

"कसं नाही होत?"

"मी देवासमोर उभी राहून एक सांगितलंय. त्याच्या पाठीमागे पत्रात दुसरं लिहू? आधी जिथे बोलले तिथे जाऊन ते मागे घेते. बुधवारी. मग गुरुवारी सकाळी तिला लिहीन. तीन दिवसांत पोचतं पत्र. वेळ आहे."

"अगं, तिला काय तुझ्या प्रार्थनासभेशी घेणं! ती बाई तिकडे…"

"मला आहे घेणं," फिलूरा म्हणाली.

एसाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला लेखणी हातात देऊन तिथल्या तिथे लिहायला लावायला हवं होतं. पण आमच्या चर्चमधल्या कुणीही फिलूरासारखंच केलं असतं. आमच्यात आधी देवाचं, मग टपालाचं. ते सहा दिवस ती औषधाविना राहिली, कारण साक्ष मागे घेताना तोंडाला त्याचा वास नको होता. ती रात्रंदिवस कण्हत होती. मी शेजारच्या खोलीत गुंड्या लावत होते.

दोन मार्चला बुधवारी एसाने तिला घसरगाडीतून चर्चमध्ये नेलं. बाहेर बर्फ होतं. पहिलं भजन झाल्यावर ती उभी राहिली.

"जूनमध्ये मी या जागी सांगितलं, की मी बरी झाले," ती म्हणाली. "मी बरी झालेली नाही. गाठ वाढली आहे. त्या बाटलीने फक्त दुखायचं थांबत होतं. मी चुकीची साक्ष दिली. ती मी परत घेते."

पाळक ब्रेनर्ड पुढे आले, फार मायेने. माणूस वाईट नव्हता. "भगिनी," ते म्हणाले, "दुखण्यात सैतान माणसाच्या कानाशी येऊन बोलतो. देवाने दिलेलं त्याला चोरू देऊ नका. मंडळीहो, आपण भगिनी क्रँडलसाठी प्रार्थना करू."

"मला प्रार्थना नको. मी सांगते आहे ते ऐका—"

पण सगळे गुडघे टेकून बसले होते. कुणीतरी भजन सुरू केलं. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवू लागल्या. ती बोलत होती हे मला तिच्या ओठांवरून कळत होतं, ऐकू येत नव्हतं. तिसऱ्या कडव्याला ती खाली कोसळली.

गुरुवारी सकाळी मी तिच्या बोटांत लेखणी दिली. ती गळून पडली. पुन्हा दिली, पुन्हा पडली. उजवा हात लाकडासारखा झाला होता. "तू लिही," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. मी लिहिलं. 'माझी गाठ विरघळली नाही. वाढली आहे. मी मरणार आहे. तुम्ही डॉक्टरकडे जा. दहा तारीख चुकवू नका.' खाली नाव घातलं, फिलूरा क्रँडल. ती सांगत होती म्हणून तिचं नाव घातलं. लिहिणारी बहीण आहे, एवढी एक ओळ घालायचं मला सुचलं नाही. एसाने घोडा जोडून ते स्वतः टपालात टाकलं आणि घरी येऊन तो पहिल्यांदा नीट जेवला.

"पोचेल," फिलूराला त्याने सांगितलं. "सोमवारपर्यंत पोचेल."

तिने मान हलवली. मग तिने बाटलीकडे बोट केलं आणि मी चमचा भरला. मंगळवारी, आठ तारखेला, ती गेली. दहा तारखेला पुरली. जमीन गोठलेली होती, खणणाऱ्यांना वेळ लागला. पाळक ब्रेनर्ड तिच्या विश्वासाबद्दल छान बोलले. मी आभार मानले.

पंधरा तारखेला इंडियानाचं पत्र आलं. पाकिटावर नाव फिलूराचं.

'प्रिय भगिनी, तुम्हाला सावध करायला लिहिते. कुणीतरी दुष्ट माणूस तुमच्या नावाने पत्रं लिहितो आहे. मला एक आलं, त्यात तुम्ही मरणार आहात असं लिहिलं होतं. मी ते बायबलमधल्या तुमच्या पत्राशेजारी धरलं. अक्षर तुमचं नव्हतं. माझा नवरा म्हणतो, हे डॉक्टर लोकांचंच काम, त्यांचा धंदा बुडतो ना. मी ते चुलीत टाकलं. दहा तारखेला डॉक्टरला दारातूनच परत पाठवलं. सहा बाटल्या आणल्या आहेत. दुखणं आत्ताच थांबलंय.'

मी ते उभ्यानेच वाचलं. एसाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लगेच लिही. ती वारली म्हणून कळव."

"कुणाच्या अक्षरात?" मी विचारलं.

तो खाली बसला.

त्या दिवशी मी शिवायला घेतलं नाही. खणातून फिलूराचे कागद काढले, अर्धवट राहिलेली उत्तरं, पाककृती, सामानाच्या याद्या, आणि टेबलावर पसरले. तिची वळणं गिरवायला बसले. ते डावीकडे झुकणं माझ्या हाताला जमेना, मग कागद तिरका धरला तेव्हा जमलं. दोन दिवस गेले. शाईने बोटं काळी झाली. फिलूराने आयुष्यात दुसऱ्याच्या व्हिनेगरचं बक्षीस घेतलं नव्हतं, आणि मी तिच्या हाताची चोरी करत होते. मला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

'हे माझंच अक्षर आहे, तुम्ही पडताळून पाहा,' मी लिहिलं. 'ते पत्र आजारपणात मी बहिणीकडून लिहून घेतलं होतं. त्यातलं खरं आहे. बाटलीने गाठ विरघळत नाही. मीही आता सुरीखाली जाते आहे. तुम्हीही जा.' मी मरणार आहे हे या वेळी लिहिलं नाही. मेलेली बाई पत्र लिहीत नाही, आणि मरणारीचं ऐकून कुणी सुरीखाली झोपत नाही.

एप्रिलच्या शेवटी तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. अक्षर जुळलं. डॉक्टर पाच एप्रिलला आला. गाठ तोवर वाढली होती, पण निघाली. एलेन आता उशीला टेकून बसते, कोंबडीचं सूप घेते. तिने खाली स्वतःच्या हाताने एकच ओळ घातली होती, 'आणि तुम्ही, भगिनी? तुमचं कसं झालं?'

मी कागद तिरका धरला आणि लिहिलं, की मी बरी आहे.

याला एकोणीस वर्षं झाली. एसा गेला. कंपनीला मी फिलूराचं चित्र काढून टाका म्हणून दोनदा कळवलं. दोन्ही वेळा छापील आभार आणि बाटल्यांची पेटी आली. एलेनचा धाकटा मुलगा आता रेल्वेत आहे. ती दर मार्चमध्ये फिलूराच्या नावाने लिहिते आणि शेवटी तिची प्रकृती विचारते. मी दर मार्चमध्ये उत्तर लिहिते. आता खणातले कागद काढावे लागत नाहीत. माझं स्वतःचं अक्षरसुद्धा अलीकडे डावीकडे झुकतं.